उद्याच्या भावाची आशा

(हर्सूल येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हर्सूलचे नाव बाहेरगावच्या माणसापुढे काढले की त्याला प्रथम मध्यवर्ती कारागृह आठवते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र पाणी आठवते. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० च्या सुमारास खडकी हे नगर वसविले. हबशी गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला हा माणूस. पण शहराच्या पाण्याचा विचार त्याने जसा केला तसा नंतरच्या पुष्कळ लोकनियुक्त कारभाऱ्यांना करता आलेला नाही. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी, हर्सूल-सावंगीच्या बाजूला झिरपणारे पाणी त्याने भूमिगत नहरीत गोळा केले आणि केवळ उताराच्या बळावर शहरात आणून सोडले. पुढे पाणचक्कीची नहर झाली. तिचाही आरंभ हर्सूल नदीकाठच्या एका विहिरीपासून होतो, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. त्या पाण्यावर फिरणाऱ्या चक्कीत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी पीठ दळले जात असे.

सरंजामशाहीचे गोडवे गाण्याचे येथे प्रयोजन नाही. त्या काळचा कुणबी सुखी होता असे कोणी म्हणणार नाही. प्रयोजन एवढेच की, ज्या डोंगरउतारावर पाणी मुरत होते त्या उताराला तेव्हा बाजारभाव नव्हता. तो विकत घ्यावा, त्याचे तुकडे करावेत, ते पुन्हा विकावेत आणि त्यातून श्रीमंत व्हावे, ही कल्पना कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. उतार शाबूत राहिला आणि नहर वाहत राहिली यामागे कोणाचा विशेष सद्गुण नव्हता. मोहाला तेथे जागाच नव्हती.

आज ती जागा झाली आहे. ८ डिसेंबर १९८२ रोजी औरंगाबाद महानगरपालिका अस्तित्वात आली. हर्सूल शहराच्या हद्दीत आले. २०२३ मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, पण त्याच्या कितीतरी आधी येथील जमिनीचे मोजमाप बदलले होते. एकरात मोजली जाणारी जमीन गुंठ्यात आणि गुंठ्यात मोजली जाणारी चौरस फुटात मोजली जाऊ लागली. एका गुंठ्याचे १०८९ चौरस फूट होतात, हे शाळेत न गेलेल्या पोरालाही आता तोंडपाठ असते. हर्सूलच्या पुढे सावंगीपाशी समृद्धी महामार्गावर चढण्या-उतरण्याची सोय झाली. शिर्डी ते नागपूर हा त्या महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे शेत दिसते ते पिकाचे आहे की भावाची वाट पाहणारे आहे, हे सांगणे आता कठीण झाले आहे.

याच प्रदेशातून खाम नदी शहरात उतरते, शहराचे सांडपाणी पोटात घेते आणि दक्षिणेला जाऊन गोदावरीला, म्हणजे नाथसागराच्या जलाशयाला मिळते. आणि त्याच नाथसागरातून, चाळीस-पन्नास किलोमीटरवरून, शहराचे पिण्याचे पाणी पंपाने चढवून आणले जाते. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी बसविली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले. अर्धे शतक उलटले, तरी शहराच्या अनेक वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. मध्यंतरी २०१४ मध्ये पाणीपुरवठा एका खासगी कंपनीकडे सोपवून पाहिला; दोन वर्षांच्या आत तो करार मोडावा लागला. मग २०२० मध्ये १६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. तिचा खर्च पुढे २७४० कोटींवर गेला. अलीकडच्या काही वर्षांत खामच्या पात्राची स्वच्छता आणि काठाची डागडुजी झाली, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु ज्या उतारावरून खामला पाणी यावयाचे तो उतारच जर सिमेंटखाली गेला, तर स्वच्छ केलेल्या पात्रातून वाहावयाचे काय, हा प्रश्न उरतो. जवळचे पाणी राखण्यात कोणालाच नफा नसतो. दूरचे पाणी आणण्यात मात्र पुष्कळांना असतो, आणि जवळची जमीन विकण्यात त्याहून अधिकांना असतो.

हे असे का घडते, याचे एक उत्तर समाजवादी व्यासपीठावर ठरलेले आहे. धनदांडगे, जमिनीचे दलाल, बांधकाम व्यावसायिक आणि त्यांच्या खिशातले पुढारी हे मिळून समाजाला लुटतात. उत्तर खोटे नाही. त्यावर टाळ्याही पडतात. परंतु ते अपुरे आहे, आणि अपुऱ्या उत्तरावर उभी केलेली चळवळ फार दूर जात नाही. ज्या देशात प्रत्येक प्रौढाला एक मत आहे, त्या देशात मूठभरांचा लोभ बहुसंख्यांच्या हिताला इतकी वर्षे अडवून धरू शकतो, तो केवळ पैशाच्या आणि दंडुक्याच्या जोरावर नव्हे. बहुसंख्यांच्या मनातही त्या लोभाची एक शाखा उघडलेली असते म्हणून. लोभ हा शब्द येथे कदाचित कठोर ठरेल. ती एक आशा असते: आज नाही तर उद्या, आपल्याही तुकड्याला भाव येईल.

शहराच्या कडेला तीन एकर कोरडवाहू जमीन असलेला एखादा शेतकरी डोळ्यांपुढे आणावा. या भागात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण सरासरीचा पाऊस कोणत्याच शेतकऱ्याच्या शेतात पडत नसतो. पडतो तो कधी अर्धा, कधी दीडपट, आणि बहुधा नको तेव्हा. कापूस आणि मका यांच्या हिशेबात त्याला वर्षाकाठी काय उरते हे त्याच्या बायकोला विचारावे, ती अधिक खरे सांगेल. अशा माणसाला कळते की विकास आराखड्यात आपल्या गटातून जाणारा ओढा मोकळा ठेवावयाचा आहे, किंवा आपल्या शेतावर हरितपट्ट्याची खूण पडली आहे. तो त्या खुणेविरुद्ध हरकत नोंदवितो, आणि ज्या पुढाऱ्याने गेल्या दोन निवडणुकांत त्याला फसविले त्याच्याच दारात जाऊन उभा राहतो. ओढा बुजला तर खालच्या वस्तीत पाणी शिरेल, तलावाला येणारे पाणी तुटेल, हे त्याला कळत नाही असे नाही. ते त्याला कोणत्याही नगररचनाकारापेक्षा अधिक कळते. परंतु मुलीचे लग्न, मुलाचे इंजिनीअरिंगचे शुल्क आणि उद्या छातीत कळ आली तर खासगी रुग्णालयाचे बिल, या तिन्हींसाठी त्याच्याजवळ तारण म्हणून एकच गोष्ट आहे: त्या जमिनीचा उद्याचा भाव.

त्याला लोभी म्हणणे हा अन्याय होईल. पण त्याच्या आशेचा परिणाम लोभासारखाच होतो, हेही दृष्टीआड करता येत नाही. ओढा वाचविण्यासाठी ज्या मनुष्यबळाची गरज होती ते बळ त्याच्या रूपाने पलीकडच्या बाजूला जाऊन बसते. शंभर एकर घेऊन बसलेल्या दलालाला या तीन एकरवाल्याची फार गरज असते. मोर्चात पुढे चालवावयाला त्याच्याइतका चांगला माणूस नाही, कारण तो खरोखरच गरीब असतो.

शहरातल्या नोकरदारांची गोष्ट निराळी नाही. शिक्षक, कारकून, बँकेतला अधिकारी, निवृत्तिवेतन चालू असलेला प्राध्यापकसुद्धा, एखाद-दुसरा प्लॉट घेऊन ठेवतो. राहण्यासाठी नव्हे, ठेवण्यासाठी. तेथे तारेचे कुंपण असते, दगडावर नाव असते आणि आत घाणेरीची झुडपे असतात. वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात काम करणारा मजूर त्या रिकाम्या तुकड्यांना वळसा घालून आणखी दूर राहावयास जातो. सायंकाळी हेच प्राध्यापक पर्यावरणावरील परिसंवादाचे अध्यक्ष असतात. त्यात ढोंग आहेच, पण ते जाणूनबुजून केलेले ढोंग नव्हे.

उपजीविकेसाठी मिळविणे आणि मिळविण्यासाठी मिळविणे यांतील भेद फार जुना आहे. अॅरिस्टॉटलने घर चालविण्याची विद्या आणि पैशाने पैसा वाढविण्याची विद्या यांची फारकत केली होती. पहिलीला मर्यादा असते, दुसरीला नसते, असे त्याचे म्हणणे. मराठीत योगक्षेम हा त्या पहिलीसाठी उत्तम शब्द आहे. वारकरी परंपरेनेही धन जोडण्याला दोष दिला नाही, त्यात गुंतून पडण्याला दिला. पाश्चात्त्य अर्थशास्त्रज्ञांपैकी केन्स याने १९३० साली एका निबंधात असे भाकीत केले की, शंभर वर्षांत उत्पादन इतके वाढेल की माणसाचा पोटापाण्याचा प्रश्न सुटेल, आणि मग पैशासाठी पैशावर प्रेम करणे हा एक मानसिक विकार मानला जाईल. शंभर वर्षे भरत आली. उत्पादन केन्सच्या अपेक्षेप्रमाणे वाढले. विकाराला मात्र प्रतिष्ठा मिळाली.

केन्सचे चुकले कोठे, याचे एक उत्तर फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाच्या १९७६ च्या ग्रंथात सापडते. ज्वारी किंवा कापड यांचे उत्पादन वाढविता येते. ते सर्वांना मिळाल्याने कोणाचे कमी होत नाही. पण काही वस्तूंचे मोलच मुळी इतरांजवळ त्या नसण्यात असते. महामार्गाजवळचा प्लॉट ही अशी वस्तू आहे. ती सर्वांना देता येत नाही. राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट झाले तर सावंगीच्या चौकात दुप्पट जमीन निर्माण होत नाही. आहे त्याच जमिनीचा भाव दुपटीहून अधिक होतो. म्हणून पोट भरले की धनाची इच्छा शमेल, हा हिशेब चुकतो. पोट भरल्यानंतर स्पर्धा पोटाची राहत नाही, जागेची होते. आणि जागेच्या स्पर्धेत एकाच्या पुढे जाण्याचा अर्थ दुसऱ्याचे मागे पडणे हाच असतो.

या आशेने सामाजिक परिवर्तनाचे किती नुकसान केले, याची साक्ष करांच्या इतिहासात मिळते. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये मृत व्यक्तीच्या मालमत्तेवर कर बसविला गेला. निकोलस कॅल्डॉर यांच्या शिफारशींनंतर १९५७ मध्ये संपत्तीकर आला, १९५८ मध्ये दानकर. या करांतून फारसे उत्पन्न झाले नाही हे खरे आहे. पळवाटा पुष्कळ होत्या आणि त्या बुजविण्याची इच्छा थोडी होती. तरीही मोठी मालमत्ता ही वारशाने मिळणारी खासगी बाब नसून समाजाचाही तिच्यावर हक्क आहे, हे तत्त्व कायद्यात लिहिलेले होते. १९८५ मध्ये मृत्युकर गेला, १९९८ मध्ये दानकर, २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्तीकर. या तिन्ही वेळी देशात कोठे मोठे आंदोलन झाल्याचे आठवत नाही. ज्यांना हे कर जन्मात भरावे लागले नसते अशा कोट्यवधी लोकांनी ते जाताना हळहळ व्यक्त केली नाही. उलट पुन्हा असा कर आणण्याची भाषा कोणी केली, तर भाड्याच्या घरात राहणारा माणूसही दचकतो. आपले घर जाईल असे त्याला वाटते. जे घर अजून बांधलेले नाही, ते. जागतिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्या पॅरिसच्या गटाने २०२४ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये भारतातील सुमारे ४० टक्के संपत्ती वरच्या एक टक्का लोकांच्या हाती होती. त्या एक टक्क्याचे रक्षण ते एकटे करीत नाहीत. त्यांच्यासारखे होऊ पाहणारे त्यांच्या दारावर पहारा देतात.

मराठवाड्यात गायरानाचा प्रश्न याच जातीचा आहे. जातीचा हा शब्द दोन्ही अर्थांनी घ्यावा. दादासाहेब गायकवाडांनी १९५३ मध्ये मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह केला आणि १९६४ मध्ये तोच प्रश्न देशभर नेला. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्या दलित कुटुंबाला ती नावावर मिळावी, एवढीच मागणी. १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. अंमलबजावणी कशी झाली, हे गावोगावच्या तलाठ्याच्या दप्तरात पाहावे. जोवर त्या माळाला किंमत नव्हती तोवर गावाचा विरोध मानपानाचा होता. किंमत आली तसा तो व्यवहाराचा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. आदेशामागील तत्त्व योग्य होते. पण त्याचा आधार घेऊन नोटीस आली ती प्रथम ज्वारीच्या दोन पांडांवर जगणाऱ्याला.

याच्या शेजारी गुंठेवारीचा कायदा ठेवून पाहावा. शेतजमिनीचे बेकायदा तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांना नियमित करणारा हा कायदा २००१ मध्ये झाला. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात घेतली. गुंठेवारीत राहणारी माणसे बहुतेक कष्टकरी आहेत. त्यांना मंजूर आराखड्यातला प्लॉट परवडत नव्हता म्हणून त्यांनी स्टॅम्पपेपरवर गुंठा घेतला. त्यांची घरे पाडावीत असे कोणी माणुसकी असलेला म्हणणार नाही. पण रस्ता न सोडता, गटार न सोडता, कित्येकदा ओढ्याची रेघही न सोडता ज्याने ते तुकडे विकले, तो पैसे घेऊन निघून गेला. रस्ता आणि गटार आता करदात्याने करावयाचे, शुल्क घरमालकाने भरावयाचे, पावसाळ्यात पाणी त्याच्याच घरात शिरावयाचे. विकणाऱ्याने काय भरावयाचे, याविषयी चर्चाही फारशी होत नाही. गायरानावर पेरणारा अतिक्रमक ठरतो. ओढ्यावर प्लॉट पाडणारा विकासक ठरतो.

शहर सोडून शेतीकडे वळले तरी चित्र तेच आहे. कृषी मूल्य आयोगाने आपल्या अहवालात नोंदविले आहे की, महाराष्ट्रात लागवडीखालील क्षेत्राच्या ४ टक्क्यांहून कमी जमिनीवर असलेला ऊस सिंचनाचे जवळजवळ ७० टक्के पाणी घेतो. २०१९ मध्ये औरंगाबादच्या विभागीय आयुक्तांनी मराठवाड्यात उसावर आणि साखर कारखान्यांवर बंदी घालावी अशी शिफारस करणारा अहवाल शासनाला दिला. ऊस थांबला नाही. आधी २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. पहिली गाडी ५ लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिलला पोहोचली. त्याच महिन्यात मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात प्रथम निम्मी आणि मग ६० टक्के कपात करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला. माणसाने आधी प्यावयाचे की कारखान्याने, हे ठरविण्यासाठी न्यायालयापर्यंत जावे लागते, यातच सारे आले.

तरी ऊस लावणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. डाळीला खात्रीचे गिऱ्हाईक नाही, कांद्याचा भाव रात्रीत कोसळतो, निर्यातबंदी केव्हा येईल त्याचा नेम नाही. उसाला किमान दर ठरलेला आहे आणि कारखाना तो घेऊन जातो. म्हणजे येथेही आरंभ लोभाने होत नाही, अस्थैर्याने होतो. लोभ मागाहून येतो आणि मग तो जात नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा सावकाराच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडविणे हा हेतू होता. त्या सहकारातून पुढे जे सम्राट निघाले त्यांनी भूमिहीन ऊसतोड कामगाराला सभासद करून घेतले नाही. बीडच्या माणसाने ऊस तोडावा, कारखान्याची मालकी मात्र ज्याच्या नावे सातबारा त्याचीच.

सातबारा आणि पाणी यांची ही गाठ सोडविण्याचा एक गंभीर प्रयत्न महाराष्ट्रात झाला, आणि त्याची आठवण येथे विस्ताराने करणे आवश्यक आहे. विलासराव साळुंखे हे पुण्यातले अभियंते आणि उद्योजक. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात खडी फोडणारी माणसे त्यांनी पाहिली आणि नायगाव येथे देवस्थानची उजाड जमीन घेऊन पाणी अडविण्याचा प्रयोग मांडला. त्यातून पाणी पंचायत निघाली. तिचे नियम मोजके होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावावयाचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी उचलावयाचा.

या नियमांत एक फार खोल अर्थशास्त्र आहे. पाण्याचा हक्क जमिनीपासून सुटा केला की पाण्यामुळे जमिनीचा भाव वाढण्याचे कारण उरत नाही, आणि भाव वाढणार नसेल तर जमीन बळकावून ठेवण्यात अर्थ राहत नाही. लोभ वाईट आहे असे प्रवचन साळुंख्यांनी केले नाही. लोभाला धरावयाला जागा ठेवली नाही. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पुढे पिण्याव्यतिरिक्त विंधन विहिरी बंद करून आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून याच दिशेने काही पावले टाकली. त्या गावाला पाहुणे फार येतात. परंतु राज्याने ती रीत उचलली नाही. २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापनाचे कायदे झाले, पाणीवापर संस्था झाल्या, पण त्या संस्थांचे सभासदत्व लाभक्षेत्रातील जमीनधारकालाच मिळाले. भूमिहीनाचा अर्धा एकर पाण्याचा वाटा कायद्याच्या पुस्तकात शिरू शकला नाही. ज्या विधिमंडळाने ते पुस्तक लिहिले त्यात भूमिहीन किती होते, हा प्रश्न अर्थातच असभ्य आहे.

त्याच दुष्काळाने रोजगार हमीही दिली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला; त्यासाठी शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसायकर कापला जाऊ लागला. तो कर फारशी कुरकुर न करता भरला गेला, ही गोष्ट मध्यमवर्गाविषयी निराश झालेल्यांनी लक्षात ठेवावी. पण याच योजनेत मजुरांनी खोदलेल्या पाझर तलावाचे पाणी उतरले ते खालच्या बाजूच्या जमीनमालकाच्या विहिरीत. खोदणारी बाई दुसऱ्या वर्षी त्याच्याच बागायतीत मजुरीला गेली. सार्वजनिक श्रमाचे खासगी धन कसे होते, याचे याहून सोपे उदाहरण नाही.

सावंगीच्या चौकातही तेच घडते. महामार्ग सार्वजनिक पैशाने झाला. भोवतालच्या जमिनीचा भाव वाढला तो कोणाच्याही मेहनतीने नव्हे. हेन्री जॉर्जने १८७९ मध्ये म्हटले होते की अशी वाढ समाजाने निर्माण केलेली असते, म्हणून ती करापोटी समाजाकडे परत आली पाहिजे. ती परत येत नाही तोवर प्रत्येक नवा रस्ता, प्रत्येक नवी जलवाहिनी जमिनीच्या सट्ट्याला खतपाणीच घालणार. महानगरपालिका विकास शुल्क घेते, पण रस्ता होण्यापूर्वीच जमीन हेरून ठेवणाऱ्याच्या नफ्याला ते स्पर्शही करीत नाही. हा नफा वसूल करून त्यातून पाणलोटातल्या शेतकऱ्याला दरवर्षी, तो उतार न विकता राखण्यापोटी, ठरावीक रक्कम देता येईल. ती दया नव्हे. शहर जे पाणी पिते त्याची ती किंमत आहे. पाइपांवर हजारो कोटी खर्च करणाऱ्या शहराला ही रक्कम जड जावयास नको. भूमिहीन कुटुंबाचाही तीत वाटा असला पाहिजे, नाही तर पाझर तलावाचीच पुनरावृत्ती होईल.

पण केवळ रकमेने काम भागणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. तीन एकरवाला जमिनीच्या भावाकडे डोळे लावून बसतो तो चैनीसाठी नव्हे. घाटी रुग्णालयात खाट मिळेल की नाही याची शाश्वती नसते, म्हणून. सरकारी महाविद्यालयाच्या जागा कमी आणि खासगीचे शुल्क लाखांत, म्हणून. हुंडाबंदीचा कायदा १९६१ मध्ये झाला तरी आता हुंड्यात प्लॉटच मागितला जातो, म्हणून. जेथे दवाखाना, शाळा आणि म्हातारपणाचा आधार सार्वजनिक नसतो, तेथे प्रत्येक कुटुंबाला आपापला विमा आपापल्या मालमत्तेतच शोधावा लागतो. मग प्रत्येक ओढा, प्रत्येक टेकडी, प्रत्येक गायरान त्या विम्याचा हप्ता म्हणून मोडीत निघते. पर्यावरणाची चळवळ झाडे लावते आणि समाजवादी चळवळ रुग्णालयासाठी मोर्चा काढते. दोघांच्या सभा निराळ्या दिवशी, निराळ्या सभागृहात होतात. वस्तुतः हर्सूलच्या उतारावर हे दोन प्रश्न एकाच सातबाऱ्यावर लिहिलेले आहेत.

तलाव वाचवा असे सांगावयास गावात कोणी गेले की पारावर बसलेला एखादा वयस्क शेतकरी फारसा वाद घालीत नाही. तलाव वाचला पाहिजे हे त्याला मान्यच असते. तो एवढेच विचारतो की, जमीन विकली नाही, आणि पुढच्या वर्षी घरात कोणी आजारी पडले, तर तुमच्यापैकी कोण येणार आहे? आजवर पक्षाच्या कोणत्याही जाहीरनाम्यात या प्रश्नाचे आकड्यांसह उत्तर छापलेले नाही. येत्या महानगरपालिका निवडणुकीपूर्वी ते छापून त्या पारावर नेता येईल काय, याचा विचार कार्यकर्त्यांनी आजच्या या सभेनंतर बसून करावयाचा आहे.